१३:००:४५ खत तापलं तर काय होतं?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत ऊस, कांदा किंवा डाळिंबाला ठिबकमधून खत देणाऱ्यांना ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ माहीत असतं. हे खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, जुन्या भाषेत सोरा. ते स्वतः पेट घेत नाही. मग ते आगीपासून लांब ठेवा, असं का सांगतात?

कारण नायट्रेटमध्ये ऑक्सिजन बांधलेला असतो आणि जास्त तापलं की तो मोकळा होतो.

सगळी नायट्रेट सारखीच तुटतात का?

नाही, ते धातूवर ठरतं.

• पोटॅशियम, सोडियम: पोटॅशियम नायट्रेट ३३४ अंश सेल्सिअसला वितळतं. साधारण ४०० अंशांपुढे त्याचं नायट्राइट होऊ लागतं आणि ऑक्सिजन सुटतो.

• कॅल्शियम, मॅग्नेशियम, शिसं, तांबं: धातूचं ऑक्साइड उरतं. ऑक्सिजनसोबत नायट्रोजन डायऑक्साइड हा तपकिरी, विषारी वायू निघतो.

• चांदी: हेच दोन वायू निघतात, पण मागे शुद्ध चांदी उरते.

धातूचा आयन जितका लहान आणि त्यावरचा धन प्रभार जितका जास्त, तितका तो शेजारच्या नायट्रेटला जोरात ओढतो. म्हणून कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियमचं नायट्रेट कमी तापमानाला तुटतं.

धोका कुठे आहे?

उन्हाने गोदाम एवढं तापत नाही. पण आग लागली तर तापतं. गुऱ्हाळाजवळच्या चिपाडाच्या ढिगाला लागून खताच्या गोण्या असतील, तर सुटणारा ऑक्सिजन ती आग आणखी भडकवतो. फवारणीचं गंधकही त्याच खोलीत नको. सोरा, गंधक आणि कोळसा मिळूनच बंदुकीची दारू बनते.

आग लागलीच तर?

माती टाकून किंवा झाकून ही आग विझेलच असं नाही, कारण तिला ऑक्सिजन खतातूनच मिळतो. अशा आगीवर भरपूर पाणी लागतं. ११२ किंवा १०१ला फोन करा आणि आत नायट्रेट खत आहे हे आधी सांगा. वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा.

तपकिरी धूर छातीत गेला असेल, तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांकडे जा. फुप्फुसांना झालेली इजा कधीकधी काही तासांनी दिसते.