महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष

महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो पक्ष) हा गोव्यातील प्रादेशिक राजकीय पक्ष. स्थापना १९६३, संस्थापक दयानंद बांदोडकर, निवडणूक चिन्ह सिंह. मुक्त गोव्यातील पहिले सरकार या पक्षाने बनवले आणि १९७९ पर्यंत सत्ता बहुतांशी त्याच्याच हाती राहिली. गोव्याचे महाराष्ट्रात विलीनीकरण हे पक्षाचे मूळ उद्दिष्ट होते. ते १९६७ साली कायमचे बाजूला पडले, तरी पक्ष टिकला. म्हणून त्याचा निवडणूक इतिहास केवळ विलीनीकरणाच्या प्रश्नातून वाचता येत नाही. जमीन, शाळा आणि बहुजन समाजाची प्रतिष्ठा या गोष्टी त्यात अधिक खोलवर आहेत.

डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज सत्ता संपली. गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाच्या ३० जागांच्या विधानसभेसाठी डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली. मगो पक्षाला १४ जागा मिळाल्या. त्याच्या मित्रपक्षाला, म्हणजे प्रजासमाजवादी पक्षाला २, तर विलीनीकरणविरोधी युनायटेड गोवन्स पक्षाला १२ जागा मिळाल्या. काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही. तिची एकमेव जागा दमणची. देशभर सत्तेवर असलेल्या पक्षाचा असा सफाया त्या काळी अपूर्व होता. खाणमालक असलेले बांदोडकर स्वतः उमेदवार नव्हते. २० डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि नंतर पोटनिवडणुकीतून सभागृहात आले.

या विजयाचे कारण गावातल्या घरापाशी शोधावे लागते. गोव्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर बांधून राहणाऱ्याला मुंडकार म्हणतात. माडांची राखण करायची, भाटकाराच्या हाकेला धावून जायचे आणि त्या आसऱ्यावर पिढ्या काढायच्या, असे त्याचे जिणे. भाटकाराची मर्जी गेली की डोक्यावरचे छप्पर गेले. अशा माणसाला आपल्यातला उमेदवार उभा दिसला आणि त्याने सिंहावर शिक्का मारला. पेडणे, डिचोली, सत्तरी आणि फोंडा हे नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा जिंकलेले, तालुके पक्षाचे बालेकिल्ले ठरले; सासष्टीत त्याचा फारसा शिरकाव झाला नाही. विलीनीकरणाच्या घोषणेत बहुजन मतदाराला भाटकारशाहीतून सुटकेची वाटही दिसत होती. हे ध्यानात घेतले नाही तर पुढच्या निकालांचा उलगडा होत नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणाच्या प्रश्नावर जनमत कौल घेण्यात आला. सरकारी यंत्रणेचा प्रभाव पडू नये म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता. मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. वृत्तपत्रांतही दोन तट होते. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होता, तर ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक विरोधात. मराठीतूनच विलीनीकरणाविरुद्ध इतका प्रभावी प्रचार झाला, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी.

त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि मगो पक्षाला १६ जागा मिळाल्या. पहिल्या वेळेपेक्षा दोन जास्तच. ज्या मतदारांनी विलीनीकरण नाकारले, त्यांनीच बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले. गोव्याच्या राजकारणातला हा सर्वांत बोलका निकाल म्हणावा लागेल. खेडोपाडी निघालेल्या मराठी प्राथमिक शाळा लोकांच्या डोळ्यांसमोर होत्या आणि कुळांना संरक्षण देणारा १९६४ चा कायदाही. १९७० मध्ये पक्षातच बंड झाले, सरकार डळमळले, पण पडले नाही. १९७२ मध्ये १८ जागा मिळाल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी ‘भाऊं’चे, म्हणजे बांदोडकरांचे, पदावर असतानाच निधन झाले.

त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. गोव्याला आजवर लाभलेल्या त्या एकमेव महिला मुख्यमंत्री. मुंडकारांना घरातून काढण्यास मनाई करणारा १९७५ चा कायदा आणि कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारी १९७६ ची कूळ कायद्याची दुरुस्ती ही त्यांच्या कारकिर्दीतली कामे. पक्षाच्या सगळ्या कर्तृत्वात या दोन कायद्यांना पहिला मान द्यायला हवा. १९७७ मध्ये पक्षाला १५ जागा मिळाल्या, म्हणजे ३० च्या सभागृहात नेमक्या निम्म्या. एप्रिल १९७९ मध्ये तीन आमदार विरोधकांना मिळाले, सरकार कोसळले आणि राष्ट्रपती राजवट आली.

१९८० मध्ये पक्ष ७ जागांवर आला. सत्ता मिळवली ती काँग्रेसमधून फुटलेल्या अरस काँग्रेसने, आणि मुख्यमंत्री झाले प्रतापसिंग राणे, जे १९७२ मध्ये मगो पक्षातूनच निवडून आले होते. निवडणुकीनंतर मगोचे बहुतेक आमदार काँग्रेसमध्ये गेले. रमाकांत खलप आणि बाबुसो गावकर हे दोघे थांबले. पक्ष तेव्हाच संपायचा, तो या दोघांमुळे वाचला. १९८४ मध्ये जागा ८ झाल्या. काकोडकरांनी या काळात वेगळा पक्ष काढून पाहिला. तो रुजला नाही आणि त्या परतल्या. राजभाषा आंदोलनात पक्षाने मराठीची बाजू लावून धरली. १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय कामकाजात वापराची मुभा मिळाली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झाले.

घटकराज्याची पहिली निवडणूक नोव्हेंबर १९८९ मध्ये ४० जागांसाठी झाली. काँग्रेस २०, मगो १८, अपक्ष २. मतदाराने पक्षाला पुन्हा सत्तेच्या उंबरठ्यावर आणून उभे केले होते. १९९० मध्ये काँग्रेस फुटली आणि लुईस प्रोत बार्बोझा यांच्या सरकारात मगो सामील झाला. खलप उपमुख्यमंत्री झाले आणि काकोडकर शिक्षणमंत्री झाल्या. प्राथमिक शिक्षण मराठी-कोकणीसारख्या भारतीय भाषांतून देणाऱ्या शाळांनाच सरकारी अनुदान, हे धोरण त्याच सरकारचे. सरकार वर्षभरही टिकले नाही. जानेवारी १९९१ मध्ये मगोचे रवी नाईक आपल्या गटासह बाहेर पडले आणि काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री झाले. त्यातून उभा राहिलेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. राजीनामा दिला नसला तरी आमदाराच्या वागण्यावरून त्याने पक्ष सोडला असे मानता येते, हे तत्त्व १९९४ च्या त्या निकालात आहे आणि पक्षांतराच्या खटल्यांत आजही त्याचा आधार घेतला जातो.

१९९४ मध्ये मगोने भारतीय जनता पक्षाशी युती केली. मगो १२, भाजप ४ असा निकाल लागला. गोव्याच्या विधानसभेत भाजपचा हा पहिलाच प्रवेश. मनोहर पर्रीकर आणि श्रीपाद नाईक त्यात होते, आणि नाईक निवडून आले ते मगोचे वर्चस्व असलेल्या मडकईतून. दोन्ही पक्षांचा बहुजन हिंदू मतदार एकच होता. युतीत जागा वाटून घेता आल्या, मतदार वाटून घेता आला नाही. १९९९ मध्ये भाजप १० वर गेला आणि मगो ४ वर आला. माझ्या मते पक्षाच्या ऱ्हासाला १९९१ ची फूट जितकी कारणीभूत आहे, तितकीच ही युतीही.

लोकसभेत पक्षाचे यश तुरळक आहे. १९६३ मध्ये मुकुंद शिंक्रे, १९७७ मध्ये अमृत कांसार, १९८० मध्ये संयोगिता राणे, १९८९ मध्ये ज्ञानेश्वरीचे व्यासंगी गोपाळराव मयेकर आणि १९९६ मध्ये रमाकांत खलप निवडून आले. खलप केंद्रात विधी खात्याचे राज्यमंत्री झाले. पुढे तेही काँग्रेसमध्ये गेले.

२००२ आणि २००७ मध्ये प्रत्येकी २, २०१२ मध्ये ३ आणि २०१७ मध्ये ३ अशा जागा पक्षाला मिळाल्या. सूत्रे फोंडा तालुक्यातील सुदिन व दीपक ढवळीकर या बंधूंकडे आली. कधी काँग्रेसच्या, कधी भाजपच्या सरकारात पक्ष राहिला. २०१७ मध्ये सुमारे ११ टक्के मते मिळवूनही जागा तीनच आल्या. पक्षांतरबंदी कायद्यानुसार एका पक्षाच्या दुसऱ्या पक्षातील विलीनीकरणाला दोन तृतीयांश आमदार लागतात. तिघांच्या पक्षात ते दोन होतात. २७ मार्च २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर मनोहर आजगावकर आणि दीपक पाऊसकर यांनी विधिमंडळ गट भाजपमध्ये विलीन केल्याचे पत्र सभापतींना दिले. सुदिन ढवळीकर एकटे उरले आणि भाजप सरकारातले त्यांचे उपमुख्यमंत्रिपदही गेले.

२०२२ ची निवडणूक पक्षाने तृणमूल काँग्रेसबरोबर लढवली. मडकईतून सुदिन ढवळीकर आणि मांद्रेतून जीत आरोलकर निवडून आले. निकालानंतर पक्षाने भाजप सरकारला पाठिंबा दिला आणि ढवळीकर पुन्हा मंत्री झाले.