एका छायाचित्रातून त्रिमितीय पोशाख

एकाच छायाचित्रातील पोशाखाची रंग आणि नक्षीसह त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर तयार करता येते. चित्रपट, संगणकीय खेळ आणि ऑनलाइन कपडेविक्री यांसाठी हे तंत्र विकसित होत आहे. आपल्या घरांतील जुन्या अल्बमांवरही त्याचा प्रयोग करता येईल, म्हणून ही थोडक्यात ओळख.

काम साधारणपणे तीन टप्प्यांत होते. प्रथम फोटोतील व्यक्तीचा बांधा व उभे राहण्याची ढब ओळखून त्यावर शरीराचा तयार साचा बसवतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेला ‘एसएमपीएल’ हा ६,८९० बिंदूंचा साचा त्यासाठी पुष्कळ वापरला जातो. नंतर कपड्याचा घेर व चुण्या त्रिकोणांच्या जाळीतून उभ्या करतात. शेवटी फोटोतील नक्षी सपाट पटावर उलगडून जाळीवर चढवतात. चुणीतली सावली कापडाचाच रंग ठरू नये, म्हणून प्रकाशाचा परिणाम वेगळा काढावा लागतो.

खरी अडचण पाठीची. समोरून काढलेल्या फोटोत ती दिसतच नाही. संगणक पूर्वी शिकलेल्या नमुन्यांवरून ती अंदाजाने भरतो. २०२० सालच्या ‘डीप फॅशन थ्रीडी’ या संग्रहात ५६३ प्रत्यक्ष कपड्यांवरून केलेल्या २,०७८ प्रतिकृती आहेत. पण त्या सदरा, पँट, झगा अशा प्रकारांच्या. नऊवारी लुगडे म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटरचे न शिवलेले वस्त्र. त्याचा काष्टा मागे खोचलेला असतो, म्हणजे ओळखीची खूणच नजरेआड. शिवाय फोटो कृष्णधवल असेल, तर काठाचा मूळ रंगही त्यातून खात्रीने कळत नाही.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे, तर असा भाग म्हणजे व्हाउचर नसलेली नोंद. प्रतिकृती सुबक दिसली, तरी तो पुरावा नव्हे. प्रदर्शनात ती मांडताना शेजारी मूळ फोटो ठेवावा आणि भरलेल्या भागावर ‘अंदाजित’ असे स्पष्ट लिहावे.

त्याहून महत्त्वाचे काम आजच करता येईल. घरात जुने लुगडे, पैठणी किंवा अंगरखा असेल, तर पदर, काठ आणि दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावेत. नेसण्याची पद्धत माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांकडून ती नेसवून घ्यावी आणि चहूबाजूंनी चित्रित करावी. पुढे तंत्र कितीही सुधारले, तरी त्याला आधार याच नोंदींचा लागेल.