कोय कुणाची, कलम कुणाचं

मागच्या व्याख्यानात आपण धान्याच्या बियाण्यापाशी थांबलो होतो. आज परसात यायचं आहे. आपल्याकडे घरोघरी झाडं वाढवायच्या तीन रीती चालत आल्या. बी पेरायचं, फांदी तोडून खोचायची, किंवा मूळ झाडाशेजारी आलेलं पिल्लू वेगळं करून लावायचं. केळीचा मुनवा काढला, अळूचा कंद शेजारणीला दिला, शेवग्याचा फाटा कुंपणात रोवला, जास्वंदीची काडी पावसाळ्याच्या तोंडाला खोचली. घरोघरचं हे काम फारसं कुणी कागदावर लिहून ठेवलं नाही, त्यामुळे या बाबतीत इतिहासकाराचा हात बहुतेक रिकामाच राहतो. कागदावर त्यातल्या त्यात आलं ते कलम. म्हणून आज बोलायचं ते आंब्याबद्दल.

आधी शब्द बघू. 'कलम' हा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला. मूळ अर्थ बोरू. बोरू तिरका छाटतात, कलमाची काडीही तिरकी छाटतात. बखरींतून शीर कलम होतं तेही याच छाटण्यावरून. शब्द परका म्हणून विद्याही परकीच, असं पुष्कळांनी गृहीत धरलं. त्यात आणखी एक सांगितलं जातं, की गोव्यात पोर्तुगीज आले, जेझुइट पाद्र्यांनी कलमं बांधायला शिकवलं आणि हापूस जन्माला आला. यावर दुसरी बाजू उसळून म्हणते, आमच्याकडे वृक्षायुर्वेदात सगळं होतंच.

आमचं मत असं, की दोघांचंही अर्धं अर्धं खरं आहे. वराहमिहिराची बृहत्संहिता सहाव्या शतकातली. तिच्यात वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे. फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग अशी काही झाडं नावानिशी देऊन तो सांगतो, की यांच्या फांद्या शेणानं माखून लावाव्यात, किंवा दुसऱ्या झाडाचं मूळ वा खोड कापून त्यावर बसवाव्यात. म्हणजे एका झाडावर दुसरं बसवण्याची कल्पना इथे नक्की होती. पण ती यादी पुन्हा एकदा नीट वाचा. तिच्यात आंबा नाही! मोगलांकडेही ही विद्या होती. अकबराच्या काळात मुहम्मद कुली अफशार नावाच्या बागांच्या दरोग्यानं काबूलहून चेरी आणून काश्मीरात रुजवली, याची नोंद जहांगीरनं आपल्या आत्मचरित्रात केली आहे. तेव्हा गोव्यात सोळाव्या-सतराव्या शतकात विद्या नवी निघाली असं म्हणण्यापेक्षा, ती आंब्यावर नेटानं आणि मोठ्या प्रमाणावर चालवली गेली, असं म्हणणं आम्हाला जास्त पटतं.

आता नावाचं बघू. हापूस म्हणजे अफोन्सो, आणि अफोन्सो म्हटलं की लोक लगेच १५१० साली गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कपर्यंत जातात. गव्हर्नर साहेब लढाया सोडून कलमं बांधत बसले होते की काय! निकोलाव मनुची हा व्हेनिसचा माणूस सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात होता. गोव्याच्या नामांकित आंब्यांची यादी देताना तो 'निकोलाव अफोन्सो'चा आंबा असं पूर्ण नाव लिहितो. म्हणजे हा कुणी दुसराच अफोन्सो, बहुधा एखाद्या बागेचा धनी. पायरी ही 'पेरीस' या आडनावावरून आली म्हणतात, फर्नांदीनही तसाच. मानकुराद मात्र वेगळा. 'मालकुरादा', म्हणजे ज्याला रंग नीट चढत नाही तो.

आणि इथे एक गंमत आहे. कोकणातल्या रायवळ आंब्यांची नावं घ्या. शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या, शेंदऱ्या, बिटकी. ही सगळी वासाची, चवीची, रंगाची, आकाराची नावं. माणसाचं नाव एकालाही नाही. असं का? रायवळ कोयीपासून उगवतो, त्यामुळे प्रत्येक झाड वेगळं. शेप्याची कोय लावली तर शेप्या येईलच असं नाही. फुलावर दुसऱ्या झाडाचा पराग आलेला असतो, त्यामुळे पोर बापावर जातं की आईवर, सांगता येत नाही. ते झाड मेलं की नावही मेलं. कलम बांधलं तरच तेच झाड दुसऱ्या वाडीत, दुसऱ्या जिल्ह्यात, तीनशे वर्षांनंतरही उभं राहतं, आणि त्यावर कुणाचं तरी नाव टिकतं. नाव टिकायलाही मालकी लागते, म्हणा ना.

पण हे कलम बसतं कशावर? रायवळच्याच रोपावर. ही गोष्ट हापूसच्या इतिहासात कुणी सांगत नाही.

जुनी रीत भेट कलमाची. कुंडीतलं रायवळचं रोप हापूसच्या झाडापाशी न्यायचं, फांदी उंच असेल तर माच बांधून वर चढवायचं, दोघांची साल सारखी तासून एकमेकांना बांधायचं आणि दोन-तीन महिने कुंडीला पाणी घालत राहायचं. जीव जडला की खालून हापूसची फांदी तोडायची आणि वरून रायवळचा शेंडा. एका झाडाला अशी किती कुंड्या टांगणार? म्हणून कलम महाग होतं, आणि ज्याच्याकडे मातृवृक्ष आणि गडी दोन्ही, त्याच्याच वाडीत हापूस होता. बाकीच्यांच्या परसात रायवळ.

हे बदललं कोय कलमानं. दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झालं, आणि तिथल्या कामातून ही पद्धत कोकणभर पोचली. कोय रुजून दहा-पंधरा दिवस झाले, पानं अजून तांबूस आहेत, देठ कोवळं आहे, तेवढ्यात ते छाटायचं, मधोमध चिरायचं आणि हापूसची पाचरीसारखी तासलेली काडी त्यात बसवून प्लास्टिकच्या पट्टीनं गुंडाळायचं. माच नको, मातृवृक्ष शेजारी नको, काडी पिशवीत घालून कुठेही न्या. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत घराच्या पडवीतही हे जमतं. पुढे १९९० मध्ये रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळू लागलं आणि डोंगरच्या डोंगर हापूसचे झाले.

यातून पैसा आला, घरं उभी राहिली, याबद्दल तक्रार नाही. पण डोंगरावरचे ते सगळे हापूस म्हणजे एकाच झाडाचं शरीर. एकाला साका पडतो तर सगळ्यांनाच पडू शकतो. हा साका टाळणारा 'रत्ना' वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं १९८१ साली दिला. तो कलमातून नाही आला. नीलम आणि हापूस यांचा संकर करून, त्याची कोय रुजवून आला. नवं काही हवं असेल तर बियाकडेच जावं लागतं. आणि पहिला हापूस तरी कुठून आला? कुठल्या तरी बेवारशी कोयीतूनच. ती कुणी खाऊन टाकली होती, कुणाला ठाऊक.

आज जुने रायवळ लाकडासाठी तोडले जातात, तेव्हा कलमाखालचं मूळही त्यांच्याबरोबर जातं. कोय साठवून ठेवता येत नाही. ती वाळली की उगवण गेली. मे महिन्यात खाल्लेला रायवळ जूनमध्ये मातीत जायला हवा.

आणि घरी हापूसचं कलम असेल तर त्याच्या बुडाकडे लक्ष ठेवा. जोडाच्या खालून फूट येते ती रायवळची. वेळच्या वेळी काढली नाही तर ती वरच्यापेक्षा जोमानं वाढते, हापूस खुरटतो, आणि काही वर्षांनी झाडाला बिटक्या लागतात. मग लोक म्हणतात, नर्सरीवाल्यानं फसवलं.