माशी, खाच आणि चाळिशी

१९२० साली बेल्जियममधल्या अँटवर्प शहरात ऑलिंपिक सामने भरले. त्यात नेमबाजीची एक स्पर्धा होती, तिचे नाव 'धावते हरीण'. हरीण अर्थातच खोटे, नेमबाजापासून शंभर मीटरवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकत जाणारे. ते दिसेनासे होण्याआधी गोळी झाडायची. यातल्या एका सांघिक प्रकारात स्वीडनला रौप्यपदक मिळाले. त्या संघात आल्फ्रेड स्वान हा नेमबाज होता, आणि त्याच्याबरोबर त्याचे वडील ऑस्कर स्वान हेही होते. वडिलांचे वय होते ७२. १९०८ साली लंडनला साठाव्या वर्षी आणि १९१२ साली स्टॉकहोमला चौसष्टाव्या वर्षी त्यांनी सुवर्णपदके मिळवलेली होती. क्रीडास्पर्धेत इतक्या वयात ऑलिंपिक पदक त्यानंतर कोणालाही मिळालेले नाही.

वर्गात ही हकिकत सांगितली की एक प्रश्न हमखास येतो. आमच्या आजोबांना चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येत नाही. मग बाहत्तर वर्षांच्या माणसाला शंभर मीटरवरचे हरीण कसे दिसले? प्रश्न चांगला आहे, पण अडचण नेमकी उलट्या टोकाला आहे. निरोगी म्हाताऱ्या डोळ्याला दूरचे हरीण दिसते. त्याला दिसत नाही ती हातातली बंदूक.

साध्या रायफलीवर नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. डोळ्याजवळची खाच, नळीच्या टोकावरचा उंचवटा आणि निशाण. टोकावरच्या उंचवट्याला मराठीत 'माशी' म्हणतात. (जुन्या मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे नेम धरणे. आपण शाळेत जिचा आग्रह धरतो ती शिस्त या नेमावरून आली, हे विद्यार्थ्यांना सांगायला हरकत नाही.) खाच डोळ्यापासून साधारण ४० सेंटिमीटरवर, माशी ९० सेंटिमीटरवर आणि निशाण शंभर मीटरवर. कोणताही डोळा, अगदी विशीतलासुद्धा, एका क्षणी यांपैकी एकच गोष्ट स्पष्ट पाहू शकतो. तरुण डोळा या तिघांमध्ये इतक्या वेगाने ये-जा करतो की तिन्ही एकदम दिसल्याचा भास होतो.

ही ये-जा म्हणजे डोळ्यातल्या भिंगाचे समायोजन. जवळ पाहताना भिंग फुगते, दूर पाहताना चपटे होते. वयाबरोबर भिंग ताठर होत जाते. किती, याचे पद्धतशीर मोजमाप हॉलंडमधल्या उट्रेख्ट येथील फ्रान्सिस्कस डॉन्डर्स या वैद्याने केले आणि १८६४ साली लंडनमध्ये छापलेल्या ग्रंथात ते मांडले. आजच्या एककात डॉन्डर्सचे आकडे असे येतात: दहाव्या वर्षी १४ डायॉप्टर, विसाव्या वर्षी १०, चाळिसाव्या वर्षी साडेचार, पन्नासाव्या वर्षी अडीच, साठाव्या वर्षी १ आणि सत्तराव्या वर्षी पाव. आता आपल्या रायफलीचा हिशेब करू. मीटरमधल्या अंतराचा व्यस्त म्हणजे डायॉप्टर. खाचेसाठी अडीच डायॉप्टर लागतात, माशीसाठी १.१ आणि निशाणासाठी जवळजवळ शून्य. पन्नाशीत खाच काठावर येते. साठीला खाच गेलेली असते आणि माशीही हातची निसटू लागते. सत्तरीला हरीण तेवढे उरते. 'चाळिशी लागली' असे म्हणत आपण चष्म्यालाच वयाचे नाव दिले आहे. बंदुकीच्या बाबतीत तिला पन्नाशी म्हटले तरी चालेल.

धूसर म्हणजे किती धूसर? हाही हिशेब करता येतो. डोळ्याची नजर दूरवर ठरलेली असेल तर जवळच्या वस्तूची प्रत्येक कड बाहुलीच्या व्यासाइतकी पसरते, मग ती वस्तू हातभर अंतरावर असो की दोन हातांवर. कारण दूरच्या बिंदूतून येणारे किरण समांतर असतात आणि त्यांचा झोत बाहुलीएवढाच रुंद असतो. उजेडात बाहुली समजा ४ मिलिमीटरची आहे आणि माशी आहे २ मिलिमीटर रुंद. मग माशीची जी काही सावली उरते तिच्यावर नेम धरणे कठीणच. उलट चष्मा लावून माशी स्पष्ट केली, तर शंभर मीटरवरच्या निशाणाच्या कडा ४४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ हातभर पसरतात. चष्म्याच्या दुकानात जाऊन ही अडचण पूर्ण सुटत नाही, ती यामुळे. चष्मा एकच अंतर देतो आणि इथे अंतरे तीन आहेत.

या हिशेबात एक पळवाटही दडलेली आहे. पसरट डाग बाहुलीच्या व्यासावर अवलंबून आहे ना? मग बाहुलीच लहान करू. पोस्टकार्डाला टाचणीने भोक पाडावे, ते डोळ्याशी धरावे आणि चाळिशी उतरवून ठेवून त्यातून पुस्तक वाचावे. उजेड भरपूर हवा. चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकांनी हा प्रयोग स्वतःवरच करावा. मुलांना त्यात मोठी मौज वाटते. अक्षरे अंधुक उजेडात पण रेखीव दिसतात.

रायफलीची खाच काढून तिच्या जागी, डोळ्याच्या अगदी जवळ, बारीक भोकाची चकती बसवली की हेच घडते. खाच पाहण्याचे कामच उरत नाही. भोकातून फक्त पाहायचे असते. आणि भोक १ मिलिमीटरचे असेल तर माशी व निशाण दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट राहतात. १८७४ सालच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात ८००, ९०० आणि १००० यार्डांवरचा प्रसिद्ध सामना झाला, तो अशाच भोकाच्या आणि व्हर्नियर मोजपट्टीने वरखाली होणाऱ्या चकत्यांनी खेळला गेला. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी तीन गुणांनी जिंकली. आयर्लंडच्या मिल्नर नावाच्या नेमबाजाने एक गोळी मध्यावर अचूक मारली होती, पण शेजारच्याच निशाणावर. तिचे चार गुण मिळाले असते तर निकाल फिरला असता. भोकाची चकती नेम देते, शुद्ध ज्याची त्याने ठेवायची.

ऑलिंपिकमधल्या रायफल स्पर्धांत दुर्बिणीला आजही परवानगी नाही. चकतीच वापरावी लागते. २०१० साली ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातलाच स्वप्नील कुसाळे यांनी भोकातूनच पाहून नेम धरला. पुढच्या माशीच्या जागी या स्पर्धांत एक कडे असते आणि त्या कड्यात निशाणाचा काळा गोल मधोमध बसवायचा असतो. गोलाच्या कडा थोड्या पसरल्या तरी त्याचा मध्य हलत नाही, आणि एकात एक वर्तुळे समकेंद्री आहेत की नाहीत हे आपला डोळा फार बारकाईने ओळखतो. म्हणून साठीच्या हौशी नेमबाजाला क्लबात आम्ही पहिला सल्ला देऊ तो चकतीचाच. तिच्या जोडीला दूरच्या नंबरात अर्धा डायॉप्टर मिळवलेला चष्मा. हा अर्धा डायॉप्टर माशी आणि निशाण यांच्या बरोबर मधला. १ मिलिमीटरच्या भोकातून मग माशीची कड जेमतेम अर्धा मिलिमीटर पसरते आणि शंभर मीटरवर ५ सेंटिमीटर. हातभराच्या मानाने ही कमाई थोडी नव्हे.

चकतीची किंमत मात्र उजेडात मोजावी लागते. संध्याकाळी, झाडीत ती निरुपयोगी ठरते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरला नाही, पण स्वीडन, जर्मनी, अमेरिका अशा देशांत परवान्याने शिकार चालते आणि तिथले म्हातारे शिकारी नेमके संध्याकाळीच रानात असतात. तिथे दुसरा मार्ग लागतो, तो दुर्बिणीचा.

हा मार्ग सापडला तो मात्र खगोलशास्त्रात. सुमारे १६४० साली यॉर्कशायरमधल्या विल्यम गॅस्कॉईन या तरुणाच्या दुर्बिणीत कोळ्याने धागा विणला. दुर्बिणीतून पाहताना तो धागा ताऱ्यांइतकाच रेखीव दिसला. असे का व्हावे? पदार्थभिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा नळीच्या आत एका ठिकाणी तयार करते, आणि धागा नेमका त्याच ठिकाणी होता. नेत्रिकेतून पाहणाऱ्या डोळ्याला प्रतिमा आणि धागा एकाच अंतरावर भेटतात. तीन अंतरांचे एक झाले! गॅस्कॉईनने यातून मोजमापाचे यंत्र बनवले, पण १६४४ साली मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला.

रायफलीवर दुर्बीण चढायला यानंतर दोनशे वर्षे गेली. १८४० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात बंदुकीच्या नळीइतक्या लांब दुर्बिणी बसवू लागले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात नोकरी केलेले डेव्हिड डेव्हिडसन यांनीही अशी दुर्बीण बनवली. अमेरिकन यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) दक्षिणेच्या नेमबाजांच्या काही व्हिटवर्थ रायफलींवर ती असे, तीही नळीच्या डाव्या अंगाला. या जुन्या दुर्बिणींतून दिसणारे क्षेत्र चिमुकले आणि प्रतिमा अंधुक असे. धावत्या हरणासाठी त्या कामाच्या नव्हत्या.

आजच्या दुर्बिणी पुष्कळ सुधारल्या आहेत, आणि म्हातारा शिकारी त्या विकत घेताना चुकतो तो वेगळ्याच ठिकाणी. त्याला मोठे भिंग हवे असते. पदार्थभिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. आठपट वर्धन आणि ५६ मिलिमीटरचे भिंग असेल तर झोत ७ मिलिमीटरचा. विशीतली बाहुली अंधारात एवढी उघडते. साठीतली सहसा ५ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. उरलेला प्रकाश बुबुळावर सांडतो. म्हणजे आठपट वर्धनाला ४० मिलिमीटरचे भिंग पुरे, आणि रायफलीचे वजनही कमी. वर्धनाचेही तेच. हात जितका थरथरतो तितकी थरथर दुर्बीण मोठी करून दाखवते. हरीण शंभर मीटरवर असेल तर चारपट वर्धन भरपूर झाले. नेत्रिकेचे कडे फिरवून तारा आपल्या डोळ्याला जुळवून घ्याव्यात, आकाशाकडे पाहून. गंमत अशी की हे काम म्हाताऱ्या डोळ्याला सोपे जाते, कारण तरुण डोळा आपोआप समायोजन करून चूक झाकून टाकतो.

तिसरा मार्ग डब्लिनचे. सर हॉवर्ड ग्रब तिथे वेधशाळांसाठी दुर्बिणी बनवत. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी उभारलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेतली २० इंची आरशाची दुर्बीण ग्रब यांच्याच कारखान्यातली. १९१२ साली वेधशाळा बंद झाल्यावर ती कोडाईकॅनालला गेली. याच ग्रब यांनी १९०० साली तोफा-बंदुकांसाठी एक अगदी सोपी युक्ती सुचवली. रात्री एसटीच्या खिडकीतून पाहताना बाहेरच्या रस्त्यावर आतल्या दिव्याचे प्रतिबिंब तरंगताना दिसते. ग्रब यांनी तिरकी काच घेतली आणि तिच्यात एका उजळलेल्या फुलीचे प्रतिबिंब पाडले. मात्र फुली भिंगाच्या नाभीवर ठेवली, त्यामुळे तिचे किरण समांतर होऊन डोळ्यात येतात. डोळ्याला वाटते फुली अनंत अंतरावर, निशाणाच्या शेजारीच आहे. समायोजनाची गरजच संपली. शिवाय डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी फुली निशाणावरून हलत नाही.

युक्ती सोपी, पण बंदुकीवर दिवा न्यायचा कसा? १९१८ साली जर्मन लढाऊ विमानांवर ती पहिल्यांदा आली. शिकाऱ्याच्या हाती ती खऱ्या अर्थाने आली १९७५ साली, स्वीडनमधल्या एमपॉइंट कंपनीने प्रकाश देणारा डायोड वापरून लाल ठिपक्याचा दर्शक बाजारात आणला तेव्हा. ऑस्कर स्वान यांच्या देशातच, आणि धावत्या जनावरासाठी तो सर्वांत सोयीचा, हा योगायोग आम्हाला आवडतो.

पण दोन गोष्टी दुकानदार सांगत नाही. ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे त्यांना हा ठिपका गोल दिसत नाही. तो स्वल्पविरामासारखा ओघळतो किंवा चांदणीसारखा फुटतो. दर्शक सदोष आहे असे वाटून कित्येक जण तो परत करतात. रायफल जागच्या जागी ठेवून डोके कलते करावे. ठिपक्याचा ओघळ डोक्याबरोबर फिरला तर दोष डोळ्याचा, आणि त्यावर उपाय चष्म्याचा. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ठिपका काहीच मोठे करून दाखवत नाही. संधिप्रकाशात झुडपामागे हलते ते हरीण आहे की माणूस, हे त्याच्याने कळत नाही. ती ओळख आधी हातातल्या दुर्बिणीने पटवायची असते. बंदुकीवरच्या दुर्बिणीनेही नव्हे, कारण मग माणूस ओळखण्यासाठी त्याच्यावरच बंदूक रोखावी लागते.

आणि या सगळ्याआधी ते टाचणीच्या भोकाचे पोस्टकार्ड. डोळ्यावर नेहमीचा चष्मा असताना दूरची पाटी धूसर दिसत असेल, तर ती भोकातून पाहावी. स्पष्ट झाली तर दोष केवळ किरण एकत्र येण्यातला आहे. चष्मा, चकती किंवा दुर्बीण यांपैकी काहीतरी उपयोगी पडेल. भोकातूनही तशीच धूसर राहिली तर मोतीबिंदू असेल किंवा दृष्टिपटलाचा काही विकार. तेव्हा बंदूक कपाटात ठेवावी आणि आधी नेत्रवैद्याकडे जावे.