दोन यमुना

पूर्व दिल्लीत बिऱ्हाड आणि मध्य दिल्लीत कचेरी, असा योग ज्यांच्या नशिबी आला आहे त्या आम्हा कारकुनांना यमुनेचे दर्शन दिवसातून दोनदा घडते. यमुना बँक स्थानक सोडून मेट्रो इंद्रप्रस्थाकडे निघाली की डब्यातील एखादी वृद्ध बाई खिडकीकडे तोंड करून हात जोडते. बाकीचे प्रवासी हातातल्या फोनवरून मान वर करीत नाहीत. नदीची आजची दशा सर्वांस ठाऊक आहे, ती येथे सांगण्याचे कारण नाही. आम्हांला मात्र पुलावरून जाताना कालिंदीचा डोह आठवत नाही की मोगलांचे घाटही आठवत नाहीत. आठवतात त्या दोन मराठी मुली, ज्यांचे नाव यमुना होते आणि पुढे राहिले नाही.

पहिली यमुना आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकरांच्या घरी 1862 साली जन्मली. 1873 साली तिचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला आणि ती रमाबाई झाली. दुसरी यमुना कल्याणच्या जोशी घराण्यात 1865 साली जन्मली. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी तिचे लग्न लागले आणि ती आनंदी झाली. पहिलीने पुण्यात सेवासदन उभे करण्यात पुढाकार घेतला. दुसरीने 1886 साली पेन्सिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळवली. दोघींची नावे आज शाळकरी मुलेही घेतात. पण ती नावे त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नव्हेत. मग त्या दोन यमुनांचे झाले काय, असा प्रश्न आम्हांला पडतो. आणि पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याचे उत्तर काही मिळत नाही.

मुलीला नदीचे नाव देण्याची आपल्याकडील हौस मोठी जुनी. गंगा, भागीरथी, गोदावरी, कृष्णा, कावेरी, नर्मदा, तापी, सिंधू यांनी आपल्या पणज्यांची पिढी भरून गेली होती. गंमत अशी की, शास्त्राला हे मान्य नव्हते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीचे नाव उच्चारास सोपे, अर्थाने स्पष्ट, मनोहर, मंगलवाचक आणि अखेरीस दीर्घ स्वर असलेले असावे असा नियम सांगितला आहे. आणि तिसऱ्या अध्यायात नक्षत्र, वृक्ष, नदी यांच्या नावाची मुलगी वधू म्हणून वर्ज्य ठरवली आहे. आपल्या पूर्वजांनी पहिला नियम पाळला, दुसरा सरळ बाजूला ठेवला. ज्या नद्या पाहण्याचा योग जन्मात येणे कठीण होते, त्यांना त्यांनी पाळण्यात निजवले. बाराव्या दिवशी आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितले की ते नाव तिचे झाले. निदान आठदहा वर्षांपुरते तरी झाले.

कारण पुढे लग्न होते. ताम्हनात तांदूळ पसरून नवरदेवाने सोन्याच्या अंगठीने त्यात नवे नाव लिहावयाचे, ते सर्वांनी वाचावयाचे, पेढे वाटावयाचे, आणि जुने नाव त्या तांदळांबरोबर उचलून ठेवावयाचे, असा हा संस्कार होता. नवे नाव निवडण्यामागे काही हिशेबही असे. घरात त्याच नावाची सासू किंवा जाऊ असेल तर सुनेला त्या नावाने हाक कशी मारावी, ही एक अडचण. दुसरा हिशेब जोडीचा. लोकमान्य टिळकांचे जन्मनाव केशव. त्यांच्या पत्नी माहेरच्या तापी, त्या सासरी सत्यभामा झाल्या. नारायण वामन टिळकांच्या पत्नी माहेरच्या मनकर्णिका गोखले. नारायणाच्या घरी येऊन त्या लक्ष्मी झाल्या आणि त्याच नावाने त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. काशीत जन्मलेली मोरोपंत तांब्यांची मनकर्णिकाही झाशीच्या गंगाधररावांशी 1842 साली विवाह होताच लक्ष्मीबाई झाली. म्हणजे दोन यमुनांप्रमाणे आपल्या इतिहासात दोन मनकर्णिकाही आहेत, आणि दोघी एकाच नावात जाऊन मिळाल्या आहेत.

आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसाला या प्रकाराचा अर्थ अंमळ लवकर कळावा. आम्हांलाही एका कागदावर घर, गाव, भाषा आणि शेजार बदलावा लागतो. परंतु बदलीच्या हुकमात आमचे नाव तेच असते; किंबहुना नाव तेच असते म्हणूनच तो हुकूम आमचा ठरतो. सासरी जाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला तेवढीही खूण बरोबर नेता येत नसे. त्यात आणखी एक विपरीत गोष्ट अशी की, तिने नवऱ्याचे नाव उच्चारावयाचे नाही. उखाण्यात गुंफून मिळेल तेवढीच त्याची सूट. आणि तिचे स्वतःचे नवे नाव तरी कोण घेई? ती सुनबाई असे, वहिनी असे, काकू असे, शेवटी माई किंवा जिजी असे. ज्या नावासाठी जुने नाव टाकले, ते नावही बहुधा लग्नपत्रिकेत आणि पुढे वाटणीच्या कागदात तेवढे दिसे.

या रीतीला सगळ्याच स्त्रिया सारख्याच वश झाल्या असे मात्र नाही. डॉ. रखमाबाईंचे उदाहरण प्रसिद्धच आहे. अकराव्या वर्षी लग्न लागले, पण त्या नांदावयास गेल्या नाहीत. 1884 साली नवऱ्याने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. वृत्तपत्रात पत्रे लिहिताना त्यांना आपले नाव झाकून ‘एक हिंदू स्त्री’ एवढीच सही करावी लागली. 1887 साली न्यायालयाने नांदावयास जा, नाही तर सहा महिने कैद भोगा, असा निकाल दिला. 1888 साली पैसे देऊन तडजोड झाली. नंतर विलायतेत वैद्यकी शिकून त्या परतल्या आणि सुरत व राजकोट येथे आयुष्यभर रुग्णसेवा केली, ती डॉक्टर रखमाबाई या लहानपणीच्याच नावाने. ज्या नावावर खटला चालला ते नाव त्यांनी सोडले नाही.

दुसरे उदाहरण एकाच घरातील सासूसुनेचे आहे. देवरुखच्या जोशांची गोदू लहानपणी विधवा झाली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली, आणि 1893 साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला. एवढ्या मोठ्या सुधारकाच्या घरीही गोदूची आनंदीबाई झाली. लोकांनी तिला बाया म्हटले. याच घरात पुढे त्यांच्या मुलाची, दिनकररावांची, पत्नी म्हणून आली ती ब्रह्मदेशात जन्मलेली इरावती करमरकर. तिचे नाव तिथल्या मोठ्या नदीचे. गोदावरी त्या घराच्या उंबऱ्याशी थांबली होती. इरावती मात्र आत आली आणि इरावती कर्वे या नावानेच ग्रंथांच्या मुखपृष्ठावर गेली. दोन विवाहांच्या मधल्या तीसेक वर्षांत महाराष्ट्र किती चालला, हे मोजावयाचे तर या दोन नद्यांवरून मोजता येते.

तिसरी तऱ्हा बाळूताई खरे यांची. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावर विभावरी शिरूरकर हे नाव होते, आणि ही बाई कोण यावरून महाराष्ट्र पेटला होता. विश्राम बेडेकरांशी विवाह झाल्यावर त्या मालतीबाई झाल्या. आईबापांनी दिलेले एक, सासरचे एक, अशी दोन नावे पुष्कळींना होती. पण स्वतः निवडलेले तिसरे नाव घेऊन मनातले लिहिण्याचे धैर्य त्यांनी दाखविले.

येथवर वाचून एखादा म्हणेल की, नाव न बदलले म्हणजे झाले. आम्हांलाही तसेच वाटे. परंतु दिल्लीत राहण्याचा एक लाभ असा की, जग फार लांब जावे लागत नाही. नोएडा आणि गुरुग्राम येथे कोरियन कंपन्यांची माणसे सहकुटुंब राहतात. लाजपतनगरात त्यांचे सांस्कृतिक केंद्र आहे. त्यांच्या नावांविषयी कुतूहल वाटून आम्ही थोडे वाचले. कोरियात विवाहानंतर स्त्रीचे आडनावही बदलत नाही, ती आयुष्यभर बापाच्या कुळाची राहते. मात्र जुन्या काळी वंशावळीत तिला स्वतःच्या नावाची जागाच नसे. अमक्या कुळातली, अमक्याची पत्नी, एवढीच नोंद असे. 1909 च्या नोंदणी कायद्यानंतर घरोघरच्या स्त्रियांची नावे सरकारी दप्तरात लिहिली जाऊ लागली. जपानी अमलात ‘जा’ या अक्षराने संपणाऱ्या नावांची, योंगजा, सुन्जा अशा नावांची, लाट आली. जपानी मुलींच्या नावातला ‘को’ तो हाच, लिपीचिन्ह एकच. आणि याच नावांत एक नाव मालजा असे आढळते. त्याचा अर्थ शेवटची मुलगी, म्हणजे आता मुलगी पुरे. हुनाम नावाचा अर्थ तर मागून मुलगा येवो असा आहे. मुलीला हाक मारताना दर वेळी भावाला आवतण द्यावयाचे! आडनाव शाबूत राहिले म्हणजे मान राहिलाच असे नाही, हे या एका नावावरून ध्यानी येते.

कोरियाला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. सातारा जिल्ह्यात नकोशी किंवा नकुसा या नावाच्या मुली आजच्या काळातही शाळेत जात होत्या. 2011 सालच्या ऑक्टोबरात तेथे समारंभ करून अशा 285 मुलींना नवी नावे दिली गेली. या मुलींच्या बाबतीत नामांतर हा अन्याय नव्हता, तो अन्यायाचा परिहार होता. तेव्हा नाव बदलणे वाईट आणि न बदलणे चांगले, असा सोपा निवाडा करता येणार नाही. प्रश्न एवढाच की, ते नाव जिचे, तिला कोणी विचारले काय?

हा प्रश्न आम्हांला एरवी सुचला असता की नाही, शंका आहे. तो सुचला एका फाइलीमुळे. काही वर्षांपूर्वी आमच्या टेबलावर कुटुंब निवृत्तिवेतनाचे एक प्रकरण आले. दिवंगत कर्मचारी आपल्याच प्रांताचा. त्याच्या सेवापुस्तकात पत्नीचे सासरचे नाव. तिच्या शाळेच्या दाखल्यावर, आणि म्हणून बँकेच्या खात्यावर, माहेरचे नाव. आम्ही नियमाप्रमाणे टिपण लिहिले, ‘नावात तफावत’. ते लिहिणारा हात आमचाच होता, दुसऱ्या कोणाचा नव्हे. मग शपथपत्र, दोन वृत्तपत्रांत जाहिरात, आणि सिव्हिल लाइन्समधील प्रकाशन विभागामार्फत भारताच्या राजपत्रात, चौथ्या भागात, नामबदलाची सूचना, अशी यात्रा त्या बाईंना करावी लागली. वेतन तोवर थांबले. एकदा त्या आमच्यासमोर बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “साहेब, दोन्ही नावांची मीच आहे. पण मी काही नाव बदललं नव्हतं हो. ते बदललं होतं.” फाइलीत या वाक्यासाठी रकाना नव्हता.

त्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा माळ्यावरची भांडी काढली. आमच्या आजीला घरात सारे माई म्हणत. सातबाऱ्यावर तिचे नाव सरस्वती. एका पितळी घागरीच्या काठावर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरे चिंच लावून घासल्यावर दिसू लागली. नाव होते कृष्णा. ही कोण, हे वडिलांनाही सांगता येईना. शेवटी आजीच्या माहेरच्या, नव्वदीतल्या एका मामीआजींना विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अरे, ती तुझीच आजी. आमची कृष्णाक्का!” सत्तर वर्षे ज्या घरात ती राबली, त्या घरात तिचे पहिले नाव फक्त त्या घागरीला ठाऊक होते, आणि माणसांपैकी ज्या एकीला ठाऊक होते, तीही नव्वदीत होती.

महाराष्ट्र सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, स्वतःच्या नावानंतर आणि वडिलांच्या नावाआधी, आईचे नाव लिहिणे आवश्यक केले आहे. ही गोष्ट योग्यच झाली. आमच्या पत्नीने विवाहानंतर नाव बदलले नाही, त्यामुळे आमच्या मुलीला आईचे नाव लिहिताना अडखळावे लागणार नाही. परंतु ज्यांची दोन नावे आहेत अशा लाखो आया आणि आज्या अद्याप आहेत, आणि त्यांतले एक नाव कोठेही लिहिलेले नाही.

प्रयागला यमुना गंगेस मिळते. तेथून पुढे तिला यमुना म्हणत नाहीत, पाणी मात्र तेच वाहत असते. ही उपमा आमच्या मामीआजींना आवडली नसती. नदीला विचारावे लागत नाही, बाईला विचारता येते, असे त्या म्हणाल्या असत्या. म्हणून वाचकांस विनंती एवढीच की, दिवाळीत रजेवर घरी जाल तेव्हा घरातल्या सर्वांत वडील स्त्रीला तिचे माहेरचे नाव विचारा, आणि ऐकून सोडून देऊ नका, लिहून ठेवा. आम्ही कारकून आहोत. लिहून न ठेवलेल्या गोष्टीचे पुढे काय होते, ते आम्ही रोज पाहतो.