शिडी आणि बुद्धिबळाचा पट

एल्क म्हणजे अमेरिकेतला, आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. धनुष्यबाणाने त्याची शिकार करायची तर तीस-चाळीस पावलांवर पोचावे लागते. पण मंडळी, वायोमिंगमध्ये खरी अडचण सरकारी रानात पाऊल टाकण्याचीच!

याचे मूळ 1862 च्या कायद्यात आहे. रेल्वे बांधली जावी म्हणून सरकारने लोहमार्गालगत मैलभर लांबीरुंदीचे चौकोन पाडले आणि एकाआड एक कंपनीला दिले. झाला बुद्धिबळाचा पट! पुढे खासगी चौकोन बड्या रँचमालकांकडे गेले, मधले सरकारी चौकोन कोंडले गेले. वाटेचा हक्क कोणी लिहूनच ठेवला नव्हता.

2021 साली एल्क माउंटनवर चार शिकारी चौकोनांच्या कोपऱ्यावर शिडी लावून एका सरकारी तुकड्यातून दुसऱ्यात उतरले. खासगी मातीला पाय लागला नाही. मालक म्हणाला, वरची हवाही माझीच! त्याने लाखो डॉलरचा दावा लावला. फौजदारी आरोपातून ज्यूरीने 2022 मध्ये त्यांना सोडले. 2025 मध्ये अपील न्यायालयानेही त्यांचीच बाजू घेतली. आधार कुठला? सार्वजनिक जमिनीची वाट अडवू नये, हा 1885 चा कायदा! त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मालकाचे अपील ऐकायलाही नकार दिला.

जमीन वाटताना वाट राहून गेली, ती मिळायला एवढी वर्षे लागली. असो.