विसर्प, धावरे आणि कोथ : एका रोगकुलाच्या नावांचा इतिहास

रोगाचे कोणते लक्षण समाजाने प्रधान मानले, हे त्या रोगाच्या नावावरून कळते. त्वचा व तिच्याखालील मांसल भाग नासवणाऱ्या तीव्र जंतुसंसर्गांची नावे ह्या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘विसर्प’ वर्णिला आहे. ‘वि’ उपसर्ग व ‘सृप्’ धातू ह्यांपासून साधलेल्या ह्या शब्दाचा अर्थ ‘सर्वत्र सरपटत पसरणारा’ असा होतो. त्याच्या सात प्रकारांपैकी ‘कर्दम’ विसर्पात मांस चिखलासारखे होऊन गळते, शिरा उघड्या पडतात व प्रेतासारखी दुर्गंधी येते. मराठी बोलीने विसर्पास ‘धावरे’ म्हटले. ‘धावणे’ ह्या क्रियापदाशी त्याचे नाते रूपावरूनच दिसते. दोन्ही नावांत प्राधान्य आहे ते गतीला.

१८८३ साली फेलायझेन ह्या जर्मन शल्यविशारदाने धावऱ्याचे कारण असलेला साखळीजंतू दाखवून दिला. १९२४ साली मेलेनीने पेकिंग येथील २० रुग्णांच्या आधारे मांस झपाट्याने नासवणारा विकार वर्णिला. त्याच्या मुळाशीही साखळीजंतूच होता. प्राचीनांना जंतू ज्ञात नव्हते. तथापि सौम्य व घोर विकार एका कुलात घालण्यामागील त्यांचे निरीक्षण निराधार नव्हते. १९५२ साली विल्सनने स्नायूंवरील आवरणाच्या नाशावरून ह्या विकारास नवे नाव दिले. अनेक जातींचे जंतू मिळूनही तो घडवतात.

मराठी वैद्यकीय परिभाषेतील ‘कोथ’ हा शब्द ‘कुथ्’, म्हणजे सडणे, ह्या धातूपासून आला आहे. तो रोगाची अखेरची अवस्था सांगतो. वृत्तपत्रांतील ‘मांस खाणारा जंतू’ हा प्रयोग तर भ्रामकच होय. जंतू मांस खात नाहीत. त्यांची विषे पेशी मारतात आणि रक्तवाहिन्या गोठवून रक्तपुरवठा तोडतात.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. पावसाळ्यात अंधेरीचा भुयारी मार्ग पाण्याखाली जातो आणि उपनगरांतील माणसे पायाला जखम असतानाही गढूळ पाणी तुडवीत घरी जातात. त्यांतील एखाद्या मधुमेही माणसाच्या पायावर उठलेला लाल चट्टा काही तासांत पसरू लागला आणि दिसणाऱ्या खुणेपेक्षा वेदना फार अधिक असली, तर तत्काळ शस्त्रक्रियेवर प्राण अवलंबून असतात. सडण्याची वाट पाहणारे नाव तेथे उशिरा पोहोचते. कडा धावते आहे काय, हे पाहावयास शिकवणारा ‘धावरे’ हा शब्द म्हणूनच बोलीतून लोपू देणे परवडणारे नाही.